बर्फाळ प्रदेशातलं घर आणि हीट पंप: किती खोल्या, किती यंत्रं?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात निम्म्याच्या आसपास घरं आजही तेल जाळून उबदार राहतात. तळघरात तेलाची टाकी, तिच्याशेजारी बॉयलर, आणि बॉयलरमधलं गरम पाणी भिंतींच्या पायथ्याशी बसवलेल्या पाइपांतून घरभर फिरवायचं, अशी ही व्यवस्था. हिवाळ्यात दर काही आठवड्यांनी टँकर येतो आणि टाकी भरून जातो. तेलावर इतका भर देशातल्या दुसऱ्या कुठल्याच राज्याचा नाही. त्याच मेनने २०१९ साली ठरवलं, की २०२५ पर्यंत एक लाख हीट पंप बसवायचे. गव्हर्नर जॅनेट मिल्स यांच्या सरकारचं हे उद्दिष्ट २०२३ मध्येच पूर्ण झालं, आणि लगेच २०२७ पर्यंत आणखी पावणेदोन लाखांचं नवं उद्दिष्ट जाहीर झालं.

म्हणजे ‘कडाक्याच्या थंडीत हीट पंप चालतो का?’ हा प्रश्न आता मागे पडला आहे. आजचा प्रश्न वेगळा आहे आणि तो थेट घरमालकाच्या खिशाशी जोडलेला आहे: कोणता घ्यायचा, केवढा घ्यायचा, आणि खोल्यांमध्ये कसा वाटायचा? मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या उपनगरांत, बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांतली जी जुनं घर घेतात त्यांच्यासमोर हा प्रश्न येतोच. कंत्राटदार घर पाहून जातो आणि कोटेशन पाठवतो: बाहेर एक मोठं युनिट, आत प्रत्येक खोलीत एकेक छोटं युनिट. ऐकायला हे अगदी तर्कशुद्ध वाटतं. माझं म्हणणं असं, की थंड प्रदेशातल्या बहुतेक घरांसाठी ही रचना चुकीची ठरते. तिच्यामागचं कारण नीट समजून घेतलं तर हजारो डॉलर आणि अनेक हिवाळ्यांचा मनस्ताप वाचतो.

आधी यंत्राबद्दल थोडं. आपल्या घरातला स्प्लिट एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम उलट दिशेनंही करू शकतो: बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. बाहेर −१५ अंश सेल्सिअस असताना हवेत उष्णता कुठून, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण निरपेक्ष शून्य −२७३ अंशांना असतं. त्याच्या कितीतरी वर असलेल्या त्या बोचऱ्या हवेत भरपूर उष्णता शिल्लक असते. बाहेरच्या युनिटमधला गॅस त्या हवेपेक्षाही थंड ठेवला, की उष्णता आपोआप हवेकडून गॅसकडे वाहते. मग कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून त्याचं तापमान वाढवतो आणि तो गरम गॅस तांब्याच्या पाइपातून आतल्या युनिटकडे जातो. वीज खर्च होते ती मुख्यतः उष्णता वाहून आणण्यासाठी. म्हणून एक युनिट वीज वापरून दोन ते चार युनिट उष्णता घरात मिळते. साध्या इलेक्ट्रिक हीटरमध्ये एकाला एकच मिळते.

ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसवला गेला. थंड प्रदेशात तो घरोघरी पोहोचला तो दोन सुधारणांमुळे. पहिली, इन्व्हर्टर कॉम्प्रेसर. तो गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. दुसरी, दाबण्याच्या मधल्या टप्प्यावर कॉम्प्रेसरमध्ये थोडी वाफ सोडण्याची युक्ती. तिच्यामुळे बाहेर कडाक्याचा गारठा असला तरी यंत्राचा दम बराच टिकतो. मित्सुबिशी, फुजित्सू, डायकिन यांची थंड प्रदेशासाठी बनवलेली मॉडेलं −२५ अंशांच्या आसपासपर्यंत चालतात, आणि त्यांतली काही −१५ ला लेबलवर छापलेली पूर्ण क्षमता देतात.

मेन आणि मॅसॅच्युसेट्स ज्यात येतात त्या न्यू इंग्लंडमधल्या अनेक जुन्या घरांत हवा वाहून नेणारे डक्ट मुळात नसतातच, कारण तिथे पाण्यावर चालणारे रेडिएटर होते. डक्ट टाकायचे तर छतं आणि भिंती फोडाव्या लागतात. त्यामुळे डक्टविना चालणारी प्रणाली इथे सोयीची: भिंतीला सुमारे तीन इंचांचं एक भोक, त्यातून दोन तांब्याचे पाइप, वायर आणि पाण्याचा निचरा करणारी नळी. इथपर्यंत सगळं ठीक. गोंधळ सुरू होतो तो क्षमतेपाशी.

घराला किती उष्णता लागते हे काढण्याची अमेरिकेतली मान्य पद्धत ‘मॅन्युअल जे’ या नावाने ओळखली जाते. भिंती, खिडक्या, पोटमाळ्यातलं इन्सुलेशन, हवेची गळती, हे सगळं मोजून ती खोलीनिहाय गरज सांगते. अनेक कंत्राटदार ती न करता क्षेत्रफळाला एका ठोकळ आकड्याने गुणतात, आणि ‘कमी पडायला नको’ म्हणून वर आणखी भर घालतात. तुमच्याकडे मात्र एक पुरावा आधीच असतो: तेलाची बिलं.

उदाहरणादाखल, पाणी तापवण्याचा भाग वगळून एका घराने वर्षभरात ऊब मिळवण्यासाठी ६०० गॅलन तेल जाळलं असं धरू. उष्णता मोजण्याचं अमेरिकेतलं एकक म्हणजे बीटीयू; एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू उष्णता असते. बॉयलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर घराला प्रत्यक्ष मिळाली सुमारे ६ कोटी ६५ लाख बीटीयू. बॉस्टनचा हिवाळा किती कडक आणि किती लांब, हे मोजण्याचं एक माप आहे, ‘हीटिंग डिग्री डे’. ६५ अंश फॅरनहाइटच्या खाली रोजचं तापमान किती गेलं, याची ही वर्षभराची बेरीज. बॉस्टनसाठी ती ५,६०० च्या आसपास येते. तिला २४ तासांनी गुणून वरच्या उष्णतेला भागलं, की कळतं: बाहेरचं तापमान एक अंश फॅरनहाइटने उतरलं, की या घराला तासाला सुमारे ४९५ बीटीयू जास्त लागतात. बॉस्टन परिसरात गणितासाठी धरायची थंडी साधारण १० अंश फॅरनहाइट, म्हणजे −१२ सेल्सिअस. ६५ वजा १० म्हणजे ५५. त्याला ४९५ ने गुणा. उत्तर येतं तासाला सुमारे २७,००० बीटीयू. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू, या हिशेबाने सव्वादोन टन.

अशा घरासाठी चार खोल्यांना चार इनडोअर युनिटं आणि बाहेर चार टनांचं यंत्र, असं कोटेशन येणं मुळीच दुर्मीळ नाही.

‘मोठं घेतलं तर बिघडलं काय?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि सगळी गोम इथेच आहे. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करतं, पण शून्यापर्यंत नाही. प्रत्येक आउटडोअर युनिटला एक किमान क्षमता असते. तिच्याखाली ते चालूच शकत नाही, फक्त बंद होऊ शकतं. तीन-चार खोल्या सांभाळणाऱ्या आउटडोअर युनिटची ही किमान क्षमता बरेचदा १०,००० बीटीयूच्या घरात किंवा त्याहून वर असते. आता आपलं उदाहरण पाहा. बाहेर ४७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ८ सेल्सिअस असताना या अख्ख्या घराची गरज आहे ६५ वजा ४७, गुणिले ४९५: सुमारे ८,९०० बीटीयू. म्हणजे सगळी दारं उघडी आणि सगळी युनिटं चालू असली, तरी यंत्र आपल्या किमान वेगापेक्षाही कमी कामावर आहे. रात्री फक्त एका शयनगृहाला ऊब हवी असेल, तर गरज हजार-दीड हजारावर येते. मग यंत्र चालू होतं, काही मिनिटांत खोली तापवतं, बंद पडतं, पुन्हा चालू होतं. दर मिनिटाला सिग्नलवर थांबणारी दुचाकी मोकळ्या रस्त्यापेक्षा जास्त पेट्रोल खाते, तसंच हे यंत्र जास्त वीज खातं आणि कॉम्प्रेसर झिजवतं. शिवाय खोलीत कधी घाम, कधी गारवा, हा जाच वेगळाच.

आणि असे सौम्य दिवस अपवादाचे नसतात. बॉस्टनचं जानेवारीचं सरासरी तापमानसुद्धा −१ सेल्सिअसच्या आसपास असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल तर त्याहून उबदार. −१२ ची थंडी हिवाळ्यातल्या मोजक्या तासांत येते. यंत्राचं बहुतेक आयुष्य सौम्य थंडीतच जातं, आणि त्याचं बिलही तिथेच ठरतं.

म्हणून मी म्हणतो, लेबलवरच्या कमाल क्षमतेइतकंच किमान क्षमतेकडेही पाहा. हा आकडा माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो, पण तो लपवलेलाही नसतो. नॉर्थईस्ट एनर्जी एफिशियन्सी पार्टनरशिप्स ही संस्था थंड प्रदेशात चालणाऱ्या हीट पंपांची यादी ठेवते आणि ती कुणालाही फुकट पाहता येते. प्रत्येक मॉडेलची ४७, १७ आणि ५ अंश फॅरनहाइटला कमाल आणि किमान क्षमता किती, आणि एका युनिट विजेमागे किती उष्णता मिळते, हे तिथे दिलेलं असतं. या यादीत बसायला ५ अंशांना, म्हणजे −१५ सेल्सिअसला, किमान १.७५ पट उष्णता द्यावी लागते. कंत्राटदार जे मॉडेल सुचवेल ते या यादीत शोधा. तिथे नसेल तर ते थंड प्रदेशासाठी बनलेलं नाही, असंच समजा.

एका आउटडोअर युनिटवर अनेक खोल्या टांगण्याचे इतरही तोटे आहेत. बाजारात मिळणारं सर्वांत छोटं इनडोअर युनिट साधारण ६,००० बीटीयूचं असतं, आणि नीट बंदिस्त केलेल्या छोट्या शयनगृहाला सर्वांत थंड रात्रीही दोन-तीन हजार पुरतात. दुसरं, एका खोलीतलं युनिट बंद असलं तरी घर तापवण्याच्या काळात त्याची झडप पूर्ण मिटत नाही, कारण मिटली तर गॅस त्या बाजूला द्रव होऊन साचत जाईल. परिणामी थोडा गरम गॅस तिथून वाहतच राहतो आणि रिकामी खोली नको तितकी तापते. तिसरं, सगळ्या खोल्यांना एका वेळी एकतर उष्णता, नाहीतर गारवा. ऑक्टोबरातल्या दुपारी दक्षिणेकडची खोली उन्हाने तापली आणि उत्तरेकडची गारठली, तर दोघींचं एकाच वेळी समाधान होत नाही. अशा यंत्रांवर ‘ऑटो’ मोड लावू नका. ऋतूप्रमाणे स्वतःच्या हाताने हीटिंग किंवा कूलिंग ठरवा.

इनडोअर युनिटांच्या क्षमतांची बेरीजही फसवी असते. ९, ९, १२ आणि १५ हजारांची चार युनिटं मिळून ४५,००० होतात, पण ती ३६,००० च्या आउटडोअरला जोडलेली असू शकतात, आणि तसं जोडायला कंपनीची परवानगीही असते. कडाक्याच्या रात्री मिळतं ते आउटडोअरला जितकं झेपतं तितकंच. बाहेरच्या कॉइलवर दव गोठतं, आणि ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. त्या वेळात सगळ्याच खोल्यांची ऊब एकदम थांबते. आणि जानेवारीत बाहेरचं ते एकमेव यंत्र बिघडलं, तर सगळं घर एका फटक्यात गारठतं.

यावरचा उपाय साधा आहे: एकाला एक. म्हणजे एक इनडोअर, त्याचं स्वतःचं एक आउटडोअर. ९,००० बीटीयूचं असं चांगलं यंत्र ३,००० च्या आसपासपर्यंत खाली येऊ शकतं, आणि त्याची कार्यक्षमताही सहसा त्याच कंपनीच्या अनेक खोल्यांच्या यंत्रापेक्षा जास्त असते. आपल्या उदाहरणातल्या घरात मी खालच्या मजल्यावर, दिवाणखाना आणि स्वयंपाकघर मिळून जी मोकळी जागा आहे तिथे १२ ते १५ हजारांचं एक यंत्र बसवेन. वरच्या मजल्यावरच्या तीन शयनगृहांसाठी तीन भिंतीवरची युनिटं न घेता एकच सडपातळ डक्ट असलेलं युनिट घेईन. ते मधल्या पॅसेजच्या खोट्या छतात बसतं आणि तीन छोट्या डक्टांमधून तिन्ही खोल्यांना हवा देतं, त्यामुळे तिघींची एकत्रित गरज यंत्राच्या टप्प्यात येते. अट एवढीच, की हे डक्ट थंड पोटमाळ्यात नकोत, उबदार भागातूनच जायला हवेत. न्हाणीघराला छोटा इलेक्ट्रिक हीटर पुरतो.

बंद दाराआड उष्णता जात नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. पुण्याहून किंवा नागपूरहून आई-वडील चार-सहा महिने राहायला येतात, खालच्या मजल्यावरच्या खोलीत दार लावून झोपतात, आणि त्यांना २४ अंश हवे असतात, तेव्हा वरच्या मजल्यावर मुलांना १९ सुद्धा जास्त वाटतात. त्या एका खोलीसाठी स्वतंत्र छोटं यंत्र घेणं हा चैनीचा खर्च नाही. सांधे दुखणाऱ्या माणसाला गारठ्यात बसवून वाचवलेल्या विजेला काही अर्थ नाही.

अनेक खोल्यांचं यंत्र कधी घ्यावं? घराबाहेर दुसऱ्या युनिटला जागाच नसेल, टाउनहाउसच्या सोसायटीने एकाच युनिटला परवानगी दिली असेल, किंवा दोन-तीन मोठ्या भागांची गरज जवळपास सारखी आणि भरीव असेल तर. तेव्हाही दोन किंवा तीन इनडोअरवर थांबावं आणि आउटडोअर जितकं लहान चालेल तितकं लहान घ्यावं.

स्वयंपाकघराबद्दल आपल्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. मोकळ्या मांडणीच्या घरात शेगडीजवळच्या भिंतीवर इनडोअर युनिट बसवलं, तर फोडणीचा धूर आणि तळणीचं तेल थेट त्याच्या जाळीत जातं. जाळी काही आठवड्यांत चिकट होते, मग आतला पंखा आणि कॉइलही. हवा कमी खेचली जाते आणि कार्यक्षमता घसरते. युनिट शेगडीपासून लांब ठेवा, बाहेर हवा फेकणारी चिमणी लावा, आणि जाळी नियमित धुवा.

बाहेरच्या युनिटचीही जागा विचारपूर्वक निवडावी लागते. ते जमिनीवर ठेवलं तर पहिल्याच मोठ्या बर्फवृष्टीत गाडलं जातं. ते भिंतीवरच्या ब्रॅकेटवर किंवा स्टँडवर, त्या भागात साचणाऱ्या बर्फापेक्षा उंच हवं. छपराच्या कडेखाली नको, कारण तिथून बर्फाची ढेकळं आणि पाणी कोसळतं. दव वितळल्यावर खाली टपकणारं पाणी पायवाटेवर गोठेल अशी जागाही नको. अतिथंड भागासाठी तळाच्या ताटलीत छोटा हीटर असलेलं मॉडेल घ्यावं.

आता पैशांचा हिशेब. तेल गॅलनला ३ डॉलर ७५ सेंट आणि वीज युनिटला ३० सेंट धरू. ८० टक्के कार्यक्षमतेने एका गॅलनमधून मिळते सुमारे ३२.५ युनिट विजेइतकी उष्णता. हीट पंपाने हिवाळाभर सरासरी २.७ पट उष्णता दिली, तर तेवढ्यासाठी १२ युनिट वीज लागेल: ३ डॉलर ६० सेंट. म्हणजे तेलाशी जवळपास बरोबरी. नैसर्गिक गॅसवर चालणाऱ्या घरात हे गणित अनेकदा हीट पंपाच्या विरोधात जातं. फायदा आहे की तोटा, हे त्या २.७ वर ठरतं, आणि सारखं चालू-बंद होणारं अजस्र यंत्र नेमका तोच आकडा खाली ओढतं. इतर साधनं सोडून लोक विजेवर येतात ते हवामानाच्या काळजीपोटीही येतात, आणि ती काळजी रास्तच आहे. पण बिल दुप्पट झालं तर शेजारी त्यांच्याकडे पाहून मागे फिरतात.

अमेरिकेच्या केंद्र सरकारची हीट पंपावरची कमाल २,००० डॉलरची करसवलत २०२५ च्या अखेरीस संपली. राज्यांची अनुदानं आहेत, पण त्यांचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून सही करण्याच्या आठवड्यात ती पुन्हा तपासा. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘मास सेव्ह’ कार्यक्रमातून घराची ऊर्जा-तपासणी मोफत होते. ती आधी करून घ्या, पोटमाळ्याचं इन्सुलेशन आणि हवेच्या फटी आधी बुजवा, आणि मगच यंत्राची क्षमता ठरवा. उलट क्रमाने केलं, तर गळक्या घरासाठी घेतलेलं यंत्र बंदिस्त झालेल्या घराला मोठं पडतं.

४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे बॉस्टनचा पारा −२३ सेल्सिअसला, म्हणजे −१० फॅरनहाइटला उतरला होता. आपल्या उदाहरणातल्या घराला त्या पहाटे २७,००० नव्हे, ३७,००० बीटीयू लागले असते. अशा एका पहाटेसाठी सगळा हिवाळा प्रचंड यंत्र पोसू नका. जुना बॉयलर चालू स्थितीत असेल तर राहू द्या. तो वर्षातले थोडेच तास लागेल. वीज गेली तर मात्र हीट पंपही बंद आणि बॉयलरही बंद, कारण त्याचा पंप आणि बर्नरही विजेवरच चालतो. जानेवारी १९९८ च्या बर्फवादळात मेनमध्ये लाखो लोक अनेक दिवस अंधारात होते. लाकडाची शेगडी असलेल्या घरांना तिचा खरा उपयोग अशा वेळी होतो.

सही करण्याआधी कंत्राटदाराकडून काही गोष्टी लेखी मागा: खोलीनिहाय उष्णतेच्या गरजेचा हिशेब, सुचवलेल्या मॉडेलची −१५ सेल्सिअसची कमाल क्षमता आणि ८ अंशांची किमान क्षमता, पाइप जोडल्यावर नायट्रोजन भरून गळतीची चाचणी होईल आणि गॅस सोडण्यापूर्वी ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम ओढलं जाईल, याची हमी. या शेवटच्या चाचण्या आता जास्तच महत्त्वाच्या आहेत. २०२५ पासून अमेरिकेत बनणाऱ्या नव्या यंत्रांत जुन्या आर-४१०एऐवजी आर-३२ किंवा आर-४५४बी हे गॅस असतात. ते हवामानाला पुष्कळ कमी घातक आहेत, पण किंचित ज्वलनशील आहेत, आणि अनेक खोल्यांच्या यंत्रात गॅसही जास्त असतो आणि सांधेही जास्त. चांगला कंत्राटदार हे सगळे आकडे न विचारताही देतो. जो ते देत नाही, त्याच्याकडून यंत्र घेऊ नका.